मोरचूद, कळीचा चुना आणि मामांचा विळा

अकरावीला केमिस्ट्रीच्या पुस्तकात द्राव्यता एका धड्यात, थर्मोडायनॅमिक्स दुसऱ्या आणि ऑक्सिडेशन तिसऱ्याच, त्यामुळे मला कायम वाटायचं की या तिघांचं एकमेकांशी काही येणंजाणं नाही. मग एका पावसाळ्यात निफाडकडे मामांच्या द्राक्षबागेत गेलो आणि त्यांनी मला बोर्डो करायला बसवलं. दोन प्लॅस्टिकचे ड्रम, एक विळा, आणि तिन्ही धडे एकाच सकाळी.

बोर्डो म्हणजे बोर्डो मिश्रण, द्राक्षावर केवडा (बुरशीचा रोग) येऊ नये म्हणून मारायचं निळं पाणी. एक टक्क्याचं करायचं तर १ किलो मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट), १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. नाव फ्रान्समधल्या बोर्डो शहराचं. तिकडे रस्त्यालगतच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडायचे, का तर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत. १८८२ मध्ये मियार्दे नावाच्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं की बाकीची बाग केवड्याने गेलीये आणि नेमक्या या निळ्या वेली हिरव्यागार आहेत. चोरांसाठी केलेला उपाय बुरशीला लागू पडला, १८८५ मध्ये त्यांनी तो छापून जाहीर केला आणि आजपर्यंत चालू आहे.

तर मी काय केलं, किलोभर मोरचुदाचे निळे खडे ५० लिटरच्या ड्रममध्ये धाडकन ओतले आणि काठीने ढवळत बसलो. हात भरून आले तरी तळाशी खडे तसेच. मामा म्हणाले, "आरं काय ढवळत बसला, ते रातीच फडक्यात बांधून टांगायचं असतं."

मला आधी वाटलं पाणी कमी पडलं असेल. पण हिशोब केला तर तसं नाहीये, २० अंशाला एक लिटर पाण्यात मोरचूद ३०० ग्रॅमच्या वर विरघळतं आणि आपण टाकतोय लिटरला जेमतेम २० ग्रॅम, म्हणजे जागा भरपूर. अडचण वेगळीच आहे. खड्याला चिकटून असलेला पाण्याचा पातळ थर लगेच पोटभर मोरचूद घेतो, म्हणजे संपृक्त होतो, आणि जड झाल्यामुळे तळाशी तिथेच बसून राहतो, वरच्या कोऱ्या पाण्याला खड्यापर्यंत येऊच देत नाही. पोटली वर टांगली की तेच जड पाणी निळ्या धारा होऊन खाली उतरतं, त्याच्या जागी कोरं पाणी येतं, आणि सकाळपर्यंत फडकं रिकामं, कोणी काठी न हलवता. किती विरघळेल आणि किती लवकर विरघळेल हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे मला पुस्तकातून कधी कळलं नव्हतं.

आता विरघळताना उष्णतेचं काय होतं ते बघू. खडा फोडायला ऊर्जा लागते, आणि सुटलेल्या कणांना पाण्याने वेढलं की ऊर्जा परत मिळते. मोरचुदाच्या खड्यात वजनाने तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त पाणीच असतं, म्हणजे त्याचे कण आधीच अर्धेमुर्धे भिजलेले, त्यामुळे परत मिळणारी ऊर्जा थोडी कमी पडते आणि पाणी किंचित गार होतं, हाताला कळणार नाही इतकंच. युरियाचं मात्र हाताला कळतं, बादलीत युरिया टाकून बादलीला बाहेरून हात लावून बघा. तोट्यातला धंदा असून चालतो कसा? तर एन्ट्रॉपीमुळे, म्हणजे कणांच्या पांगण्याकडे असलेल्या कलामुळे. चाळीत नीट थर लावलेले कांदे एकदा अंगणभर पांगले की आपणहून परत थराला लागत नाहीत, कारण थर लागायची पद्धत एक आणि पांगायच्या पद्धती लाखो. (उपमा थोडी लंगडी आहे, कांदे वजनानेही घरंगळतात, पण चालवून घ्या.)

दुसऱ्या ड्रममध्ये याच्या बरोब्बर उलटा प्रकार. कळीच्या चुन्यावर थोडं थोडं पाणी टाकलं की तो फुसफुसतो, फुटतो, वाफ येते, तोंड लांबच ठेवायचं. इथे नुसतं विरघळणं नाही, चुना पाण्याशी चक्क रासायनिक अभिक्रिया करतो आणि मोलला (म्हणजे ५६ ग्रॅम चुन्याला) साधारण ६५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. १ किलो शुद्ध चुन्याचा हिशोब केला तर साडेतीन लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला येईल एवढी! ही उष्णता आली कुठून? भट्टीत चुनखडी ९०० अंशाच्या आसपास भाजतात तेव्हा जी ऊर्जा आत जाते तिचाच एक हिस्सा चुना दाबून बसलेला असतो आणि पाणी दिसलं की देऊन टाकतो. गंमत म्हणजे हा विरलेला चुना स्वतः फारसा विरघळतच नाही, लिटरला दीडपावणेदोन ग्रॅम फक्त, आणि गरम पाण्यात तर त्याहून कमी, साखरेच्या उलट! म्हणून ड्रममध्ये दिसतं ते पांढरं दूध, बहुतेक चुना नुसता तरंगत असतो.

मग दोन्ही एकत्र ओतायचं आणि ढवळत राहायचं, फिक्कट निळा चिकट साका तयार होतो. सगळी करामत यात आहे, कारण मोरचुदातलं तांबं पाण्यात विरघळलेलं असतं आणि ते तसंच पानावर मारलं तर पान जळेल. चुन्याशी गाठ पडली की ते न विरघळणाऱ्या रूपात जातं, पानाला चिकटतं, पावसाने पटकन धुऊन जात नाही आणि बुरशीला पुरेल इतकं थोडं थोडं सुटत राहतं.

पण सगळं तांबं गेलं का साक्यात, हे कसं कळणार? मामांनी विळा घासून चकचकीत केला, मिश्रणात बुडवला, थोड्या वेळाने काढला तर पात्यावर लालसर तांबूस थर. "चुना कमी पडला," मामा म्हणाले, आणि चुन्याची निवळी ओतायला लागले.

तर हे ऑक्सिडेशन, आणि इथे ऑक्सिजनचा काही संबंधच नाही! नावाने सगळ्यांची फसगत होते. पात्यातला लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो आणि स्वतः पाण्यात जातो, पाण्यातलं तांबं ते दोन घेतं आणि पात्यावर धातू होऊन बसतं. ज्याने दिले त्याचं ऑक्सिडेशन, ज्याने घेतले त्याचं क्षपण. उलटं होत नाही, तांब्याची पट्टी लोखंडाच्या क्षाराच्या पाण्यात कितीही वेळ ठेवा, तिच्यावर लोखंड बसणार नाही. मोरचूद लोखंडी भांड्यात का भिजवत नाहीत तेही यातच आलं, तांबं सगळं भांड्यावर बसेल, फवारायला काय उरणार?

दुसऱ्यांदा विळा कोरा निघाला. फवारणी त्याच दिवशी उरकली, कारण शिळ्या बोर्डोचे कण जाड होतात, मग पानाला नीट चिकटत नाहीत आणि नोझलही तुंबतं. विळा मात्र मी धुवून तसाच ओला शेडमध्ये टाकला. सकाळी पात्यावर परत तांबूस ठिपके, मी मामांना म्हटलं तांबं राहिलं वाटतं, तर त्यांनी अंगठ्याने खरवडून दाखवलं, साधा गंज होता, या वेळी ऑक्सिजनवाला.