देणगी कुणाच्या आजारासाठी?

कर्करोग संशोधनाला धर्मादाय पैसा कसा मिळतो आणि तो कुठे लावायचा हे कोण ठरवतं, हे समजून घ्यायला परळच्या टाटा हॉस्पिटलमागचा इतिहास चाळला तरी पुरे.

जमशेटजींच्या थोरल्या सूनबाई मेहरबाई टाटा जून १९३१मध्ये वेल्समधल्या एका नर्सिंग होममध्ये ल्युकेमियानं वारल्या. रक्ताच्या कर्करोगावर तेव्हा क्ष-किरण आणि आर्सेनिक यांपलीकडे डॉक्टरांच्या हाती फारसं काही नव्हतं. पती सर दोराबजींनी पुढच्या वर्षी दोन ट्रस्ट केले. मार्चमध्ये स्वतःची जवळपास सगळी मालमत्ता सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या नावे केली, आणि एप्रिलमध्ये खास पत्नीच्या स्मरणार्थ लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट उभा केला. जूनमध्ये, मेहरबाईंच्या समाधीच्या दर्शनाला इंग्लंडकडे निघालेले असताना, वाटेत जर्मनीतच त्यांचंही निधन झालं.

या दोन ट्रस्टांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. लेडी टाटा ट्रस्टमध्ये आजार आधीच ठरलेला: ल्युकेमिया. उत्पन्नाचा चार पंचमांश भाग जगभरातल्या ल्युकेमिया संशोधकांसाठी आणि उरलेला भारतातल्या वैद्यकीय संशोधनासाठी. कुणाला द्यायचं याची छाननी लंडनमधली शास्त्रज्ञांची समिती करते. भारतातला पैसा बाहेर का, असं आज कुणी विचारेल. पण १९३२मध्ये या आजारावर काम करणाऱ्या प्रयोगशाळा होत्या कुठे? दात्यानं दुःखाचं नाव सांगितलं आणि निवड जाणकारांवर सोडली. त्या काळासाठी हे शहाणपणाचंच होतं.

दुसऱ्या, म्हणजे सर दोराबजी टाटा ट्रस्टला असं कुठलं बंधन नव्हतं. त्याच्या मालमत्तेत मेहरबाईंचे दागिनेही होते, त्यात २४५ कॅरटचा ज्युबिली हिरा, म्हणजे कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. टाटांची पोलाद कंपनी टिस्को १९२४मध्ये अडचणीत आली तेव्हा हाच हिरा गहाण पडला होता. १९३७मध्ये तो विकला गेला आणि पैसे ट्रस्टकडे आले. विश्वस्तांनी कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय काढायचं ठरवलं, आणि २८ फेब्रुवारी १९४१ला गिरणगावात, परळला, ८० खाटांचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं.

खरी कलाटणी इथे आहे. रुग्णालय निघालं एका ल्युकेमियाच्या मृत्यूतून, पण दारात रांग लागली ती तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांची. प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे होती. त्यांनी काय केलं? जे समोर येत होतं तेच मोजायला घेतलं. मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा त्यांनी १९४४मध्ये प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी सहलेखिका सूर्याबाईंबरोबरच्या लेखात त्यांनी माणसांच्या सवयींशी जोडलेले कर्करोग मांडले: कमरेला घट्ट धोतर घासून होणारा त्वचेचा, तंबाखू-चुन्याचा बार खालच्या ओठामागे धरून होणारा, आणि आंध्रकडे पेटतं टोक तोंडात घेऊन चुट्टा, म्हणजे गावठी चिरूट, ओढणाऱ्यांच्या टाळूचा. परदेशी पाठ्यपुस्तकात हे कुठून असणार? कोणता प्रश्न संशोधनाला घ्यायचा, हे इथे बाह्यरुग्ण विभागानं ठरवलं.

मात्र रुग्णालय चालवणं हा खोल खड्डा असतो. इमारत देणगीतून उभी राहते, पगार आणि औषधं दरवर्षी लागतात. १९५७मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं टाटा हॉस्पिटल ताब्यात घेतलं आणि १९६२मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे गेलं. तेव्हा त्या विभागाचे प्रमुख होमी भाभा होते, आणि मेहरबाई त्यांच्या आत्या. किरणोपचाराच्या दृष्टीनं निर्णय सयुक्तिकच होता, तरी हा योगायोग नोंदवावासा वाटतो. खानोलकरांनीच १९५२मध्ये उभ्या केलेल्या कर्करोग संशोधन केंद्राची आणि रुग्णालयाची १९६६मध्ये एकत्र मोट बांधली गेली. तेच आजचं टाटा मेमोरियल सेंटर.

इंग्लंडमध्ये वेगळं घडलं. तिथे १९०२चा इम्पीरियल कॅन्सर रिसर्च फंड मुख्यतः स्वतःच्या प्रयोगशाळा चालवायचा, तर १९२३ची ब्रिटिश एम्पायर कॅन्सर कॅम्पेन बाहेरच्या संशोधकांना अनुदान द्यायची. सामान्य माणसाच्या वर्गणीवर दोन्ही टिकल्या आणि २००२मध्ये एक होऊन कॅन्सर रिसर्च यूके झाली. अर्ज मागवायचे, तज्ज्ञांकडून तपासून घ्यायचे, मग पैसे द्यायचे, ही पद्धत आता सगळीकडे रुळली आहे.

आपल्याकडे वर्गणीदारांचा असा मोठा, निव्वळ संशोधनासाठीचा निधी कधी उभा राहिला नाही. देणगी आली की ती रुग्णाच्या बिलाला, धर्मशाळेला किंवा यंत्राला जाते. त्यात गैर काहीच नाही. समोर माणूस कण्हत असताना दुसरं सुचतही नाही. शिवाय यंत्रावर नावाची पाटी लागते, आकडेवारीच्या तक्त्यावर लागत नाही.

टाटा मेमोरियलच्याच एका अभ्यासाचं उदाहरण घ्या. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांना दोन गटांत विभागून, एका गटाच्या गर्भाशयमुखाची तपासणी व्हिनेगरसारखं सौम्य अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून केली गेली. लावल्यावर संशयास्पद भाग पांढरा पडतो. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, जेमतेम दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या बायका होत्या. तपासणी झालेल्या गटात या कर्करोगानं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. इतक्या स्वस्त उपायाच्या अभ्यासाला पैसा मिळाला तो अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडून.

२०१३च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले, आणि २०१९मध्ये सरकारी संशोधन संस्थांना दिलेला पैसाही त्या यादीत आला. म्हणजे दार उघडलं. अडचण मुदतीची आहे. नियमांप्रमाणे चालू प्रकल्पाला सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतात. व्हिनेगरचा तो अभ्यास १९९८मध्ये सुरू झाला आणि त्याचे निष्कर्ष जाहीर झाले २०१३मध्ये.