फिडे आयडी ते पहिलं रेटिंग: हौशी बुद्धिबळपटूने कुठे, काय आणि कधी भरायचं

"रेटिंगसाठी अर्ज कुठे करायचा?" स्पर्धेत नव्याने उतरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा हा पहिला प्रश्न असतो. खरं तर असा अर्जच नसतो. रेटिंग, म्हणजे तुमच्या खेळाची ताकद सांगणारा आकडा, मागून मिळत नाही, ते पटावर बसून मिळवावं लागतं. अर्ज असतो तो त्याआधीच्या पायरीचा, म्हणजे फिडे आयडी या खेळाडूच्या ओळख क्रमांकाचा. आणि तोही आपण थेट फिडेकडे करत नाही.

फिडे ही जागतिक बुद्धिबळ संघटना १९२४ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झाली. तिचे सदस्य खेळाडू नाहीत, देशोदेशींचे राष्ट्रीय महासंघ आहेत. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढचं बरंचसं आपोआप सुटतं. आयडी काढणं, नावातली चूक दुरुस्त करणं, स्पर्धेचे निकाल पाठवणं, किताबासाठी अर्ज करणं, दुसऱ्या देशाकडून खेळायला लागणं, सगळं महासंघामार्फत होतं. फिडेला थेट ईमेल करून उत्तराची वाट बघत बसणारे बरेच भेटतात. त्यांना शेवटी "तुमच्या महासंघाशी बोला" एवढंच ऐकायला मिळतं.

आयडी कोणाला मिळतो

वयाची अट नाही, खेळाच्या दर्जाचीही नाही. सहा वर्षांचं पोर आणि निवृत्तीनंतर पुन्हा पट मांडणारे आजोबा, दोघांची नोंदणी एकाच पद्धतीने होते. तुम्ही त्या देशाचे नागरिक असाल किंवा तिथे राहत असाल, तर तिथल्या महासंघाकडे जायचं. महासंघाचा रेटिंग अधिकारी फिडेच्या यंत्रणेत तुमची माहिती भरतो आणि तुम्हाला एक क्रमांक मिळतो. हा क्रमांक आयुष्यभरासाठी एकच. क्लासिकल, रॅपिड आणि ब्लिट्झ अशी तीन वेगवेगळी रेटिंग्ज असतात, पण ती तिन्ही याच एका क्रमांकावर जमा होतात.

इथे एक गल्लत होते. महासंघाचं सदस्यत्व आणि फिडे आयडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सदस्यत्व बहुतेक ठिकाणी ठरावीक काळाने नूतनीकरण करावं लागतं आणि त्याचं शुल्क ज्या त्या महासंघाचं असतं. आयडीची मुदत संपत नाही. त्यामुळे मधे दहा वर्षं खेळ सुटला होता म्हणून नवा आयडी काढायचा नसतो. जुनाच शोधायचा, आणि सदस्यत्व तेवढं चालू करून घ्यायचं.

कागदपत्रं

यादी छोटी आहे, पण माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. जन्मतारखेचा पुरावा लागतो: जन्मदाखला, पासपोर्ट किंवा सरकारी ओळखपत्र. फोटो आणि चालू ईमेल पत्ता बहुतेक महासंघ मागतात. नागरिक नसाल, फक्त रहिवासी असाल, तर वास्तव्याचा पुरावा जोडायची तयारी ठेवा. खेळाडू अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. प्रत्येक महासंघाचा नमुना थोडा वेगळा असतो, म्हणून दुसऱ्याने भरलेला फॉर्म बघून भरू नका, चालू वर्षाचा नमुना मागून घ्या.

आता नावाबद्दल. फिडेच्या यादीत आधी आडनाव येतं, मग स्वल्पविराम, मग नाव. फॉर्मवर नाव कुठे आणि आडनाव कुठे हे नीट न बघता लिहिलं की पुढचा गोंधळ ठरलेला. माझ्या बाबतीत हेच झालं. पहिल्या स्पर्धेच्या वेळी घाईघाईत माझी नोंदणी झाली आणि नाव-आडनाव उलटं पडलं. पुढच्या स्पर्धेत दुसऱ्या आयोजकाने यादीत शोधलं, मी सापडलो नाही, म्हणून त्याने नवा आयडी मागवला. वर्षभर माझे निम्मे डाव एका 'मी'च्या नावावर आणि निम्मे दुसऱ्या 'मी'च्या नावावर पडत होते. दोघेही अनरेटेड, म्हणजे रेटिंग नसलेले. दोन्ही आयडी एकत्र करून घेता येतात, पण त्यासाठी ओळखपत्राच्या प्रतीसह महासंघाला पत्र द्यावं लागतं आणि मग वाट बघावी लागते. त्यापेक्षा पासपोर्टवर जे रोमन स्पेलिंग आहे तेच पहिल्यापासून सगळीकडे ठेवा. पासपोर्ट नसेल तर पुढे ज्या कागदाच्या आधारे तो काढणार, त्यावरचं ठेवा. मधलं नाव एकदा लिहायचं आणि एकदा गाळायचं, असंही करू नका.

जन्मतारखेचंही तसंच. फिडेच्या पानावर लोकांना फक्त जन्मवर्ष दिसतं, पण आत पूर्ण तारीख नोंदलेली असते. वयोगटाच्या स्पर्धा, ज्येष्ठांचे गट, इतकंच काय रेटिंग किती वेगाने वरखाली होणार हेसुद्धा वयावर ठरतं. तारीख चुकली तर त्याचा फटका बसतो तेव्हा बहुधा स्पर्धा तोंडावर आलेली असते.

कोणती स्पर्धा धरली जाते

जाहिरातीत 'रेटेड' असा शब्द असणं पुरेसं नाही. स्पर्धा सुरू होण्याआधी महासंघाने ती फिडेकडे नोंदवलेली असावी लागते. फिडेच्या रेटिंगच्या संकेतस्थळावर प्रत्येक देशाच्या नोंदलेल्या स्पर्धांची यादी असते. प्रवेश शुल्क भरण्याआधी दोन मिनिटं काढून ती बघावी. रेटिंगचं शुल्क आयोजक भरतो, खेळाडूने ते वेगळं भरायचं नसतं.

दुसरी गोष्ट वेळेची. डाव ६० चालींचा धरून हिशेब करतात: मूळ वेळ अधिक प्रत्येक चालीमागे मिळणाऱ्या सेकंदांची साठपट. तीन मिनिटं आणि चालीला दोन सेकंद म्हणजे एकूण पाच मिनिटं. दहा मिनिटं किंवा त्याहून कमी असेल तर ब्लिट्झ, दहाच्या वर आणि साठच्या आत असेल तर रॅपिड, साठ किंवा अधिक असेल तर क्लासिकल. वरच्या रेटिंगचे खेळाडू असतील तर क्लासिकलसाठी याहूनही जास्त वेळ द्यावा लागतो, म्हणूनच दीड तास अधिक चालीला ३० सेकंद ही वेळ इतक्या ठिकाणी दिसते. रॅपिड स्पर्धेत कितीही चांगले खेळलात तरी क्लासिकल रेटिंग जागचं हलत नाही. आणि ऑनलाइन संकेतस्थळांवरच्या आकड्याचा या कशाशीच संबंध नाही. तिथे १९०० असलेला माणूस प्रत्यक्ष पटावर अनरेटेडच असतो, पहिल्या फेरीत समोर बसल्यावर ते फार लक्षात घेऊ नये इतकंच.

पहिल्या रेटिंगसाठी काय लागतं

रेटिंग असलेल्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध किमान पाच डाव. ते एकाच स्पर्धेत झाले पाहिजेत असं नाही. दोन आज, एक पुढच्या वर्षी, असं करत २६ महिन्यांच्या आत पाच जमले तरी चालतं. अनरेटेड खेळाडूशी झालेला डाव यात धरत नाहीत. बाय मिळाला (जोडीला कोणी उरलं नाही म्हणून न खेळता गुण), किंवा प्रतिस्पर्धी आलाच नाही, तर गुण मिळतो पण रेटिंगसाठी तो डाव झालेलाच नसतो. स्विस पद्धतीत दर फेरीला साधारण सारखे गुण असलेल्यांची जोडी लागते; सुरुवातीला हरत गेलं की खालच्या पटांवर अनरेटेड खेळाडूच समोर येतात, त्यामुळे नऊ फेऱ्या खेळूनही तीनच डाव हिशेबात आले असं घडतं. यात कोणाची चूक नसते.

पहिल्याच रेटेड स्पर्धेत शून्य गुण पडले तर ते निकाल सोडून दिले जातात. अर्धा गुण जरी असला तरी धरले जातात.

मग आकडा कसा निघतो? १ मार्च २०२४ पासून यात महत्त्वाचा बदल झाला. तुमच्या खऱ्या प्रतिस्पर्ध्यांच्या जोडीला १८०० रेटिंगचे दोन काल्पनिक प्रतिस्पर्धी धरले जातात आणि त्यांच्याशी तुमची बरोबरी झाली असं मानलं जातं. समजा तुम्ही १४८०, १५००, १५६०, १६२० आणि १६४० अशा पाच जणांशी खेळलात आणि दोन गुण मिळवलेत. पाचांची बेरीज ७८००. त्यात ३६०० मिळवून सातने भागलं की सरासरी साधारण १६२९ येते. दोन बरोबऱ्यांचा एक गुण धरून गुण होतात सातपैकी तीन, म्हणजे ४३ टक्के. टक्केवारीनुसार सरासरीत किती मिळवायचं किंवा वजा करायचं ते सांगणाऱ्या फिडेच्या तक्त्यात ४३ टक्क्यांपुढे उणे ५० आहे. रेटिंग १५७९. काल्पनिक प्रतिस्पर्धी नसते तर १५६० सरासरी आणि ४० टक्के गुण, म्हणजे उणे ७२, आणि आकडा १४८८ झाला असता. दोन न झालेल्या बरोबऱ्यांनी ९१ गुणांची भर घातली!

हिशेबातून १४०० पेक्षा कमी आलं तर यादीत नावच येत नाही. ही खालची मर्यादा २०२४ च्या त्याच बदलात १००० वरून १४०० झाली. त्या वेळी ज्यांचं रेटिंग २००० च्या खाली होतं, त्यांना २००० पासून जितकं अंतर होतं त्याच्या ४० टक्के गुण एकदाच वाढवून दिले. जुन्या स्पर्धांचे निकाल चाळताना एखाद्याचं रेटिंग महिन्याभरात एकदम तीनशेने उडी मारलेलं दिसलं, तर त्याला कुठला चमत्कारी गुरू भेटला असं समजू नका.

मिळाल्यानंतर

नवीन खेळाडूचं रेटिंग जोरात हलतं, कारण पहिले ३० डाव होईपर्यंत त्याचा गुणक, म्हणजे एका डावाने रेटिंग किती हलणार ते ठरवणारा आकडा, ४० असतो. त्यानंतर २४०० पर्यंत २०. अठरावं वर्ष ज्या वर्षी पूर्ण होतं त्या वर्षाअखेरपर्यंत, रेटिंग २३०० च्या खाली असेल तर मुलांना ४० च राहतो. आपल्या १५७९ वाल्याने १६५० च्या खेळाडूला हरवलं तर गुणक ४० असताना २४ गुण मिळतात, हरला तर १६ जातात. हेच पुढे २० वर आलं की १२ आणि ८. चाळिशीतला हौशी खेळाडू आणि बारा वर्षांची मुलगी यांच्यात एकच डाव होतो, पण त्यातून तिचा आकडा त्याच्या दुप्पट हलतो, तो याचमुळे.

वर्षभर एकही रेटेड डाव खेळला नाही तर नावापुढे 'निष्क्रिय' अशी खूण लागते. घाबरायचं कारण नाही. रेटिंग तसंच राहतं आणि एक डाव खेळला की खूण जाते. १४०० च्या खाली घसरणं मात्र वेगळं. तिथे खेळाडू पुन्हा अनरेटेड होतो आणि पाच डावांची गोष्ट पहिल्यापासून सुरू होते. आयडी तोच राहतो.

स्पर्धेच्या दिवशी आणि प्रवेश अर्जात

प्रवेश अर्जात फिडे आयडी स्वतः लिहा, नावावरून शोधायचं काम आयोजकावर सोडू नका. ओळखपत्र जवळ असू द्या. '१७०० च्या खाली' किंवा '२००० च्या खाली' अशा गटात खेळणार असाल तर कोणत्या महिन्याची यादी धरणार, हे माहितीपत्रकात बघा. प्रवेश भरला तेव्हा १६९० आणि स्पर्धेच्या वेळी १७१२, असं झालं की वाद होतोच. फिडेच्या जागतिक हौशी अजिंक्यपद स्पर्धेतही १७००, २००० आणि २३०० च्या खालचे गट ठेवले जातात. तिथली नोंदणी अर्थातच महासंघामार्फत.

मोबाइल बंद करून कुठे ठेवायचा हे पंचांना आधी विचारा. परवानगीशिवाय तो खेळण्याच्या जागेत अंगावर सापडला तर डाव जातो, वाजायची गरज नसते.

किताबाचं थोडक्यात. रेटिंग २२०० झालं की कँडिडेट मास्टर, २३०० ला फिडे मास्टर. महिलांच्या स्वतंत्र किताबांसाठी २००० आणि २१००. किमान ३० रेटेड डाव झालेले हवेत. हे किताब रेटिंगवर मिळतात, नॉर्म (स्पर्धेत ठरावीक दर्जाची कामगिरी) लागत नाही, पण आपोआप नावापुढे लागतील या भरवशावर राहू नका, महासंघाने अर्ज करून शुल्क भरावं लागतं. एकदा मिळाला की रेटिंग नंतर कितीही घसरलं तरी किताब काढून घेत नाहीत.

आकडा चुकला तर

नवी यादी दर महिन्याच्या १ तारखेला लागते. महिन्याच्या अगदी शेवटी संपलेली स्पर्धा बहुतेकदा त्याच्या पुढच्या यादीत येते, म्हणून लगेच तक्रार करू नका. आयडीच्या पानावर प्रत्येक स्पर्धेचा डावागणिक हिशेब दिसतो: प्रतिस्पर्धी, त्याचं रेटिंग, निकाल, मिळालेले किंवा गेलेले गुण. तो आपल्या चाली लिहिलेल्या कागदांशी ताडून बघा. निकाल उलटा नोंदला गेला असेल तर आधी त्या स्पर्धेच्या मुख्य पंचांना गाठा, कारण अहवाल त्यांनी पाठवलेला असतो. ते चूक मान्य करून महासंघाला कळवतात आणि महासंघ फिडेला. तक्रारीत स्पर्धेचं नाव, फेरी, पट क्रमांक, दोघांचे आयडी आणि दोघांच्या सह्या असलेल्या स्कोअरशीटचा फोटो एवढं असलं की पुरतं. म्हणून डाव संपल्यावर हरल्याच्या तिरमिरीत सही न करताच उठून जाऊ नका. मूळ प्रत आयोजकाकडे जाते, आपल्याकडे राहते ती खालची प्रत. ती निदान रेटिंग लागेपर्यंत तरी सांभाळून ठेवा.