घरगुती नेटवर्क तुटणे (बेळगाव सीमाभाग)

घरातले संगणक, फोन, टीव्ही ज्या जाळ्याने इंटरनेटला जोडलेले असतात ते मधेच तुटणे आणि काही सेकंदांनी वा मिनिटांनी आपसूक जुळणे, हा घरगुती नेटवर्कचा सर्वांत चिवट दोष. बोलण्यात त्याला ‘नेट येतंय-जातंय’ म्हणतात. नेट साफ बंद पडले तर बिघाड जागेवर बसलेला असतो, शोधला की सापडतो. येणाऱ्या-जाणाऱ्या नेटचे तसे नाही. माणूस तपासायला दारात येतो तेव्हा ते हटकून सुरळीत असते, आणि त्याची मोटारसायकल गल्लीच्या टोकाला वळली की पुन्हा तुटते.

या दोषाची तांत्रिक कारणे पुण्यात आणि बेळगावात (अधिकृत नाव २०१४ पासून बेळगावी) एकच आहेत. पण बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि हद्दीपलीकडचे चंदगड या टापूत त्यांना इथले हवामान, इथली घरे आणि दोन राज्यांची सीमा येऊन मिळतात. त्यामुळे इथे बिघाड शोधताना ‘काय तुटले’ याच्याआधी ‘केव्हा तुटते’ हे विचारलेले बरे. वळवात तुटणारे नेट, मृगानंतर तुटणारे नेट आणि गळीत हंगामात तुटणारे नेट, यांची मुळे बहुधा वेगवेगळ्या ठिकाणी असतात.

आधी बघणे, मग बंद करणे

नेट गेले की पहिला हात राउटरच्या, म्हणजे घरभर नेट वाटणाऱ्या यंत्राच्या, बटणाकडे जातो. बंद करून चालू केल्यावर नेट पुष्कळदा येतेही, आणि तिथेच शोध संपतो. वास्तविक ही सवय पुरावा पुसून टाकते. राउटर किती वेळ सलग चालू आहे, जोडणी शेवटची कधी तुटली, हे त्याच्या आतल्या पानावर नोंदलेले असते (ब्राउझरमध्ये बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकले की ते पान उघडते). साध्या राउटरमध्ये वीज तोडली की ही नोंद जाते. म्हणून बटण दाबण्याआधी अर्धा मिनिट दिवे पाहावेत, जमल्यास फोनने त्यांचा फोटो काढावा.

फायबरच्या, म्हणजे काचेच्या तारेतून प्रकाशाने येणाऱ्या नेटच्या, डब्यावर ‘पॉन’ हा दिवा स्थिर हिरवा असेल तर प्रकाश घरापर्यंत येतो आहे आणि पलीकडच्या यंत्राशी बोलणे झाले आहे. पॉन लुकलुकत असेल तर प्रकाश येतो, पण नोंदणी होत नाही. ‘लॉस’चा दिवा लाल झाला तर प्रकाशच येत नाही. मग घरातल्या संगणकाशी खटपट करण्यात अर्थ नाही, दोष तारेत आहे किंवा तिच्या टोकाच्या जोडणीत. सगळे दिवे एकदम विझून पुन्हा लागत असतील तर नेटचा काही संबंध नाही, वीज तुटते आहे.

पिंग

दिव्यांनी उलगडा झाला नाही तर पिंग, म्हणजे एखाद्या पत्त्यावर माहितीची छोटी पाकिटे पाठवून उत्तर येते का ते पाहणे. विंडोजमध्ये साधी पिंग आज्ञा चारच पाकिटे पाठवून थांबते. पुढे ‘-t’ जोडले की थांबवेपर्यंत चालू राहते. दोन खिडक्या उघडाव्यात: एकीत राउटरचा पत्ता, दुसरीत बाहेरचा एखादा पत्ता, उदाहरणार्थ ८.८.८.८. नेट तुटायची वाट पाहावी. दोन्ही खिडक्यांत उत्तरे थांबली तर तुटलेला दुवा संगणक आणि राउटर यांच्यामध्ये, म्हणजे घरातच आहे. राउटर उत्तर देतो आणि बाहेरचा पत्ता देत नाही, तर घर निर्दोष. दोन्ही उत्तर देतात आणि तरी एकही संकेतस्थळ उघडत नाही, तर नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस सेवा अडली आहे, तिथे १.१.१.१ किंवा ८.८.८.८ भरून बघावे. ही परीक्षा शक्यतो केबल लावलेल्या संगणकावरून करावी, नाहीतर वाय-फायचा दोष लाईनच्या माथी बसतो. लाईनच्या म्हणून येणाऱ्या तक्रारींतल्या कित्येक मुळात वाय-फायच्याच असतात, असे या नोंदीच्या लेखकाचे मत आहे.

वाय-फायवरच्या संगणकासाठी विंडोज गेल्या तीन दिवसांचा अहवाल आलेखासह काढून देते. कमांडची खिडकी प्रशासक म्हणून उघडून ‘netsh wlan show wlanreport’ ही आज्ञा द्यायची. जोडणी किती वाजता तुटली आणि का, हे त्यात ओळीने येते. लॅपटॉपने वीज वाचवायला वाय-फायचे कार्डच झोपवले असेल तर तेही तिथे कळून येते.

वीज

बेळगावच्या शहापुरातल्या लेखकाच्या घरी काही महिने नेट आठवड्यातून एक-दोनदाच तुटायचे, आणि तेही पाच-सहा वेळा लागोपाठ. कंपनीच्या माणसाने तार बदलली, मग डबा बदलला. फरक शून्य. कॅलेंडरवर खुणा करायला लागल्यावर लक्षात आले की खुणा पाण्याच्या दिवशी पडताहेत. नळाला पाणी आले की हौदातून वरच्या टाकीत चढवायला मोटार लागते. सुरू होताना मोटार तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह ओढते, घरातला दाब क्षणभर खाली जातो आणि बल्ब मिचकतो. राउटरचा धडका अॅडॅप्टर हा क्षण सहज काढतो, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये तेवढी साठवण असते. आमच्या अॅडॅप्टरचा कपॅसिटर फुगला होता. कंपनीने डबा बदलताना जुना अॅडॅप्टर तसाच ठेवला होता, आणि त्या काळ्या ठोकळ्याकडे कुणाचे लक्ष गेले नव्हते.

नवा अॅडॅप्टर घेताना व्होल्ट अगदी तेवढेच (बहुतेक राउटरना १२), अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनेची धन-ऋण बाजू तीच असावी. शहरातल्याच वडगाव, खासबाग भागात एकाच लाईनवर हातमागाची जागा घेतलेले यंत्रमाग चालतात. तिथे हा दोष विशेष ध्यानात ठेवावा. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस इथे घरच्या इन्व्हर्टरपेक्षा कामाचा, कारण इन्व्हर्टरला लाईनवरून बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्यात दुबळा अॅडॅप्टर मान टाकतो.

दुसऱ्याच्या विजेचाही फटका बसतो. फायबरच्या जाळ्याचे दोन प्रकार आहेत. एकात गल्लीतल्या डब्यात फक्त काचेचा विभाजक असतो, त्याला वीज लागतच नाही. दुसऱ्यात, आणि स्थानिक केबलवाल्यांकडे हा अजून दिसतो, खांबावरच्या किंवा कुणाच्या तरी जिन्याखालच्या पेटीत विजेवर चालणारा स्विच असतो. घरात लाईट असून नेट गेले, तर बाजूच्या गल्लीत लाईट आहे का, हे विचारून घ्यावे.

भिंती आणि शेजार

जुन्या गल्ल्यांमधली घरे लांबट: पुढे सोपा, मग माजघर, मागे स्वयंपाकघर, त्यामागे परडे. तार रस्त्याकडून येते म्हणून राउटर सोप्यात बसतो, आणि अभ्यासाला मुले माडीवर नाहीतर मागच्या खोलीत. मधे फूट-दीड फुटाच्या दोन-तीन भिंती. खानापूर-चंदगडकडे या भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या असतात. जांभा सच्छिद्र आहे, पावसाळ्यात पाणी पितो, आणि पाणी वाय-फायच्या लहरी शोषते. उन्हाळ्यात जेमतेम पोहोचणारे सिग्नल आषाढात तुटतात ते यामुळे. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान खरा, पण भिंतीपुढे २.४ गिगाहर्ट्झच्या आधी थकतो. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिले असेल तर फोन या पट्ट्यावरून त्या पट्ट्यावर उड्या मारतो आणि प्रत्येक उडीत बोलणे तुटू शकते. काही दिवस दोन्हींना वेगळी नावे देऊन पाहिले की दोष कोणत्या पट्ट्यात आहे ते कळते.

भिंतीला भिंत लागलेल्या घरांत २.४ गिगाहर्ट्झवर गर्दीही होते. हा पट्टा भारतात २००५ साली परवान्यातून मुक्त झाला. त्यात १३ चॅनेल आहेत, पण एकमेकांवर न चढणारी नेहमीची तीनच: १, ६ आणि ११. फोनवरच्या एखाद्या वाय-फाय तपासणाऱ्या अॅपने शेजारी कुठे आहेत ते पाहून त्यातले मोकळे चॅनेल घ्यावे. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. दूध तापवताना व्हिडिओ कॉल अडकत असेल तर कारण हेच.

सिग्नल पोहोचावा म्हणून मागे दुसरा राउटर लावणे हा सर्रास उपाय, आणि नव्या दोषाचे मूळही. प्रत्येक राउटर घरातल्या यंत्रांना पत्ते वाटतो. एका घरात दोघे पत्ते वाटू लागले की काही यंत्रांना बरोबर पत्ता मिळतो आणि काहींना असा, ज्याचा बाहेरचा रस्ता भलत्याच दाराशी जातो. मोठ्या मुलाच्या फोनवर नेट आहे आणि धाकटीच्या नाही, उद्या उलटे, असे चालले की समजावे. दुसऱ्या राउटरची डीएचसीपी ही सोय बंद करावी, त्याला पहिल्याच्या रांगेतला पण वाटपाबाहेरचा पत्ता द्यावा आणि तार त्याच्या ‘वॅन’ भोकात न घालता ‘लॅन’ भोकात घालावी. संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला कुणीच पत्ता दिलेला नाही.

दोन राउटर जोडणारी केबल स्वस्त घेतली की आत तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनियम निघते. वाकली की मोडते. आठ तारांपैकी १०० मेगाबिटला चारच पुरतात, १००० ला आठही लागतात. म्हणून उरलेल्या चारांपैकी एक तार मोडली की नेट जात नाही, वेग एकदम १०० वर येतो किंवा दोन्हींमध्ये हिंदकळत राहतो. कनेक्टरची चाप तुटली असेल तर केर काढताना लागलेला धक्काही पुरतो.

रस्त्यावरची तार

तांब्याच्या टेलिफोन तारेवरचे ब्रॉडबँड, जे बीएसएनएलने २००५ साली आणले, पावसात जोडावर पाणी गेले की खरखरायचे आणि तुटायचे. फायबरमध्ये पाण्याचा असा थेट त्रास नाही, पण जोडपेटीत पाणी साचणे, वाऱ्याने तार खांबाच्या कडेला घासणे, वळशाला घट्ट मुरड पडणे हे आहेच. काचेच्या तारेला सुतळीने गाठ मारून खिळ्याला आवळलेले इथे नेहमी दिसते. मुरड जितकी आवळ तितका प्रकाश बाहेर गळतो. डब्याच्या पानावर आत येणाऱ्या प्रकाशाचा आकडा डीबीएम या शक्तीच्या मापात दिसतो. उणे १५ ते उणे २५ मध्ये असेल तर ठीक. उणे २७ च्या आसपास गेला की जोडणी काठावर आहे. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, एवढे लक्षात ठेवले की उणे २० वरून उणे २६ म्हणजे चौथाईवर, हे ध्यानात येते. हिरव्या कनेक्टरचे टोक तिरके घासलेले असते. त्याला बोट लावू नये आणि त्याच्यात डोकावू नये. आतला प्रकाश दिसत नाही, तरी असतो.

वळवात, एप्रिल-मेमध्ये, मोठा धोका विजेचा. दोन घरांमध्ये किंवा गच्चीवरून ओढलेली तांब्याची केबल जवळपास पडलेल्या विजेचा झटका घरात आणते, आणि राउटरचे एखादे भोक मरते. कधी ते पूर्ण मरत नाही, अर्धमेले होऊन महिनोन्महिने तुटत-जुळत राहते. फायबरच्या काचेतून झटका येत नाही. बारीक पोलादी आधारतार असलेल्या तारेतून मात्र येऊ शकतो.

निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडे गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर उंच ऊस रचून जातात आणि रस्त्यावर झुकलेली तार वर अडकते. तार तुटली तर लॉसचा लाल दिवा लागतो आणि प्रश्न मिटतो. नुसती ताणली गेली तर आतली काच तडकते, आणि मग वाऱ्याच्या झुळकीनिशी नेट येते-जाते. गणपतीत मंडप घालताना आणि मिरवणुकीत उंच मूर्तीसाठी काठीने तारा वर उचलताना हेच होते. कणकुंबी-जांबोटीच्या जंगलपट्ट्यात वानरे आणि मोडून पडणाऱ्या फांद्या.

हद्द

तार न पोहोचलेल्या वाड्यांमध्ये घरचे नेट म्हणजे फोनचा हॉटस्पॉट. बेळगाव कर्नाटक टेलिकॉम सर्कलमध्ये (फोनसेवेच्या विभागात), चंदगड-गडहिंग्लज महाराष्ट्र सर्कलमध्ये. तुरमुरी, उचगाव, शिनोळी अशा लागून असलेल्या गावांत फोनला दोन्हींकडचे टॉवर दिसतात. एकाच टेबलावर पडलेला फोन कधी या राज्याचा, कधी त्या राज्याचा होतो. टॉवरबरोबर सर्कल बदलले तर फोन नव्याने नोंदणी करतो आणि चालू डाउनलोड किंवा कार्यालयाचे व्हीपीएन (घरून कार्यालयाच्या जाळ्यात जाण्याची सुरक्षित जोडणी) तुटू शकते. फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्कची आपोआप निवड बंद करून हाताने निवडणे, आणि फोन हव्या त्या टॉवरच्या बाजूच्या खिडकीत ठेवणे, हे दोन उपाय. दुसरा जास्त चालतो.

तक्रार

घर निर्दोष ठरले की फोन करायचा, आणि इथे भाषा आडवी येते. फोन उचलणारा बहुधा कन्नड किंवा हिंदी बोलणारा, शिडी घेऊन येणारा पोरगा तिन्ही भाषा मिसळून बोलणारा. ‘नेट बराकत्तिल्ल’ म्हणजे नेट येत नाही. ‘केंपु लाईट बराकत्तैती’ म्हणजे लाल दिवा लागतो आहे. हे दुसरे वाक्य पाठ असेल तर ‘राउटर बंद करून चालू करा’ हा पहिला टप्पा टळतो, कारण लाल दिव्याला शिडीशिवाय उत्तर नाही. येणारे-जाणारे नेट असेल तर मात्र वाक्य पुरत नाही. तारखा, वेळा, प्रकाशाचा आकडा आणि दिव्यांचे फोटो तक्रार क्रमांकासोबत व्हॉट्सअॅपवर त्या पोरग्यालाच पाठवावेत. तो तार जिथे जोडली आहे तिथूनच सुरुवात करतो.