मध्यदृष्टीची तपासणी : उजेड आणि उठाव

समोर रोखून पाहताना नजरेच्या नेमक्या मध्यावर जे दिसते, ती मध्यदृष्टी. सुईत दोरा ओवायचा, सातबारा वाचायचा किंवा समोरून येणारा माणूस कोण ते ओळखायचे, तर हीच नजर लागते. डोळ्याच्या पडद्यावरचा पीतबिंदू म्हणजेच मॅक्युला हे काम करतो. त्याच्या अगदी मध्यावर फक्त शंक्वाकार पेशी असतात. त्यांना भरपूर उजेड हवा. अंधुक उजेडात पाहणाऱ्या दंडाकार पेशी तिथे नसतातच. उन्हाळ्यात घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट छतावर, झोपलेल्याला याचा अनुभव असतो : एखादी फिकट चांदणी थेट पाहिली की नाहीशी होते, नजर जराशी बाजूला नेली की पुन्हा दिसते.

दृष्टी मोजण्याचा नेहमीचा तक्ता डच नेत्रवैद्य हर्मन स्नेलेन यांनी 1862 मध्ये तयार केला. 6 मीटरवरून वाचायच्या त्याच्या 6/6 च्या, म्हणजे निरोगी नजरेच्या, ओळीतले अक्षर जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर उंच असते. पण तक्ता पांढराशुभ्र, अक्षर काळेकुळकुळीत आणि वर दिवा. इतका उठाव, म्हणजे वस्तू आणि तिच्या मागची बाजू यांतला गडद-फिक्याचा फरक, घरात, शेतात क्वचितच मिळतो. म्हणून 6/6 किंवा 6/9 आकडा आलेला माणूस ‘मला नीट दिसत नाही’ म्हणाला, तर त्याला वहमी ठरवू नये. त्याची तक्रार बहुधा खरी असते. फक्त ती ज्या उजेडात उद्भवते तो उजेड तपासणीच्या खोलीत नसतो.

खान्देशात हा फरक ठळक जाणवतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो. भर दुपारच्या उन्हातून माणूस मातीच्या धाब्याच्या घरात शिरतो. आत लहानशी खिडकी, सारवलेली जमीन आणि त्याच रंगाचा उंबरठा. निरोगी डोळाही क्षणभर चाचपडतो. पीतबिंदू दुखावलेला असेल तर तो क्षण मिनिटांवर जातो आणि म्हातारे माणूस तिथेच ठेचकाळते. चुलीपाशीही तसेच. ज्वारीची पांढरी भाकरी काळ्या तव्यावर उठून दिसते, पण कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली, भाकरी मुळातच काळसर. तिची कड कुठे संपते आणि तवा कुठे सुरू होतो, हे न कळल्याने बोटे भाजतात. अशा बाईला ‘भाकरी टाकताना दिसते का?’ हा प्रश्न विचारायलाच हवा. तक्त्यावरची ओळ तिने वाचली, तरी विचारावा.

उठाव किती कमी झाला तरी दिसते, हे मोजायला 1988 मध्ये मांडलेला पेली-रॉबसन तक्ता वापरतात. त्यात सगळी अक्षरे एकाच आकाराची, चांगली मोठी असतात. तीन-तीन अक्षरांच्या गटागणिक ती फिकी होत जातात आणि शेवटी कागदात विरतात. तक्ता 1 मीटरवर ठेवतात. घाई करू नये. ‘आता काही नाही’ म्हणणाऱ्याला थोडा वेळ दिला, तर पुष्कळदा पुढचे एखादे अक्षर हळूहळू उमटते. उठावाची जाण मोतीबिंदूत, काचबिंदूत आणि मधुमेहामुळे पडदा बिघडल्यावरही घटते. त्यामुळे एकट्या या तक्त्यावरून रोगाचे नाव सांगता येत नाही.

कमी उजेडातली तपासणी सोपी आहे. आधी नेहमीच्या उजेडात तक्ता वाचून घ्यायचा, मग डोळ्यापुढे उजेड शंभरपट घटवणारी करडी काच धरून तोच पुन्हा वाचायचा. दोन्ही आकड्यांतले अंतर मोठे असेल, तर पीतबिंदूकडे नीट लक्ष द्यावे. वयोमानाने होणाऱ्या पीतबिंदूच्या ऱ्हासात हे अंतर बऱ्याचदा आधी वाढते, साधी नजर मागाहून उतरते. मात्र रोगी एसटीतून उतरून उन्हात चालत आला असेल, तर त्याला आधी सावलीत दहा-पंधरा मिनिटे बसवावे. नाहीतर आकडा उन्हाचा येतो, डोळ्याचा नाही.

लख्ख प्रकाशाची तपासणी उलट दिशेने चालते. एका डोळ्यावर 10 सेकंद झगझगीत उजेड टाकायचा आणि वाचता येणाऱ्या सर्वांत बारीक ओळीच्या वरची ओळ पुन्हा वाचायला किती वेळ लागतो ते मोजायचे. निरोगी डोळ्याची नजर साधारण 50 सेकंदांच्या आत परत येते. पीतबिंदूच्या आजारात हा वेळ लांबतो, दृष्टीच्या मज्जातंतूच्या आजारात सहसा लांबत नाही. या भेदासाठीच ही तपासणी मोलाची. मोतीबिंदू भिंगाच्या मागच्या पापुद्र्यावर मधोमध असेल, तर मात्र उन्हात बाहुली आकसल्यावरच नजर अडते. संध्याकाळी बरे दिसते आणि दुपारी बांधावर दिसत नाही, ही शेतकऱ्याची तक्रार इथे नेमकी बसते.

मार्क आम्सलर या स्विस नेत्रवैद्याची चौकटी घरीही वापरता येते. 10 सेंटिमीटर चौरसात 5 मिलिमीटरची 400 घरे आणि मधोमध ठिपका असतो. वाचायचा चष्मा लावून, एक डोळा झाकून, कागद 30 सेंटिमीटरवर धरून फक्त ठिपक्याकडे पाहायचे. रेघा वाकड्या दिसतात का, काही घरे गायब होतात का, एवढेच सांगायचे. लहानसा डाग मात्र मेंदू आपणच भरून काढतो, त्यामुळे काळ्या-पांढऱ्या चौकटीत तो निसटू शकतो. रेघांचा उठाव मुद्दाम कमी केला की जास्त डाग सापडतात.

नेत्रतपासणीच्या शिबिरांत शाळेच्या खोलीत तक्ता खिडकीशेजारी टांगतात, ही चूक हमखास दिसते. मागून येणाऱ्या उजेडाने अक्षरे पुसट होतात आणि दुपारपर्यंत प्रत्येक तासाचा निकाल वेगळा येतो. तक्ता बंद भिंतीवर, एकाच दिव्याखाली हवा आणि कागदावर आकड्याशेजारी उजेड कसा होता तेही लिहावे. देवनागरी अक्षरे सारखी गुंतागुंतीची नसतात, ‘ट’ आणि ‘क्ष’ यांत फार फरक पडतो. म्हणून नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर, जिथे घरात भिली बोली चालते, वेगवेगळ्या दिशांना फिरवलेल्या इंग्रजी ‘E’चा तक्ता बरा. त्याची तोंडे कुठल्या बाजूला आहेत, ते हाताने दाखवले की झाले.

ज्यांची मध्यदृष्टी परत येणार नाही, त्यांच्या घरात उठाव वाढवता येतो : उंबरठ्यावर चुन्याचा पांढरा पट्टा, दूध काळसर कपात, चुलीवर बाजूने येणारा दिवा. सरळ रेघा अचानक वाकड्या दिसू लागल्या, तर मात्र पुढच्या शिबिराची वाट न पाहता त्याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरांकडे जावे.