व्हॉल्व्हच्या आवाजाची ओढ : जुन्या गिटार ॲम्प्लिफायरची पार्श्वभूमी

दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू झाला, की वडसा-ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात रात्र-रात्र मंडप गाजतात. तिथल्या ॲम्प्लिफायरने नटाचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोहोचवावा, एवढीच अपेक्षा असते. त्याच यंत्राला एखाद्या होतकरू मुलाने गिटार जोडली, तर आवाज मोठा होतो. पण कोरडा लागतो.

गिटारच्या ॲम्प्लिफायरचा उद्देशही आरंभी स्वच्छ आवाज हाच होता. कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या लिओ फेंडर यांनी १९४०च्या दशकात रेडिओच्याच तंत्राने, व्हॉल्व्ह (विद्युत संकेत वाढवणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्या) वापरून, ॲम्प्लिफायर बनवायला घेतले. त्यांचा 'बेसमन' खरे तर बेस गिटारसाठी होता; पुढे १९६२च्या सुमारास लंडनमध्ये ड्रमवादक जिम मार्शल यांच्या दुकानातील कारागिरांनी त्याच्याच धर्तीवर 'जेटीएम ४५' उभा केला. 'व्हॉक्स एसी ३०' या ब्रिटिश ॲम्प्लिफायरचा आवाज बीटल्समुळे घरोघरी पोहोचला.

व्हॉल्व्हवर पेलवेल त्याहून अधिक भार टाकला, की ध्वनिलहरीची टोके एकदम न तुटता हळूहळू चेपली जातात आणि मूळ सुरात नवे स्वरांश मिसळतात. अभियंत्यांच्या लेखी हा दोष होता; वादकांनी मात्र तो हट्टाने मागून घेतला, आणि माझ्या मते या यंत्राचा खरा इतिहास तिथूनच सुरू होतो. त्याहून नाजूक करामत वीजपुरवठ्याची आहे. अनेक जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये एसीचे (दिशा बदलत वाहणाऱ्या विजेचे) डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) करण्याचे कामही व्हॉल्व्हच करी. तारेवर जोरात आघात झाला, की आतला विद्युतदाब क्षणभर उतरे, सूर दबे आणि विरता विरता पुन्हा भरून येई. शेतातला पंप सुरू होताच घरातला बल्ब मंदावताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे चटकन उमगेल.

१९४८ मध्ये नागपूर आकाशवाणी सुरू झाली, तेव्हा ऐकणाऱ्यांकडचे रेडिओही व्हॉल्व्हचेच होते. पुढे बॅटरीवर चालणाऱ्या स्वस्त ट्रान्झिस्टरने वीज नसलेल्या गावांतही रेडिओ नेला आणि व्हॉल्व्ह मागे पडला. गिटारवादकांनी मात्र तो सोडला नाही, कारण व्हॉल्व्हच्या जागी आलेल्या ट्रान्झिस्टर या चिमुकल्या भागावर भार वाढला, की लहर कापल्यासारखी तुटते आणि आवाज कर्कश होतो.

अस्सल जुना संच जड, महाग आणि गावाकडे दुरुस्तीला अवघड. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मात्र व्हॉल्व्हच्या वागण्याचे गणित मांडणारी डिजिटल उपकरणे बाजारात आली. त्यांत नक्कल केलेल्या आवाजांत बेसमन, एसी ३० आणि मार्शल यांचे आवाज बहुधा असतातच. म्हणून असे छोटे उपकरण मध्ये जोडले, तर मंडपातल्या स्वच्छ ॲम्प्लिफायरमधूनही त्या मुलाला बराचसा तोच सूर काढता येतो.