शेजाऱ्याला कळवणं वेगळं, शेजाऱ्याची संमती वेगळी

घरामागे खोली वाढवायची आहे, पण ती हद्दीच्या फारच जवळ जाते. अशा वेळी अमेरिकेत झोनिंग बोर्डाकडे, म्हणजे कुठे काय आणि कसं बांधता येईल याच्या नियमांबाबतचे अर्ज ऐकणाऱ्या स्थानिक मंडळाकडे, व्हेरियन्स, म्हणजे नियमातून सवलत, मागावी लागते आणि सुनावणीआधी आसपासच्या मालकांना कळवावं लागतं. (नियमात बसणाऱ्या साध्या बिल्डिंग परमिटला सहसा यातलं काहीच लागत नाही.) घोळ होतो तो इथेच. अर्जदाराला वाटतं, शेजाऱ्यांच्या सह्या मिळाल्या की काम फत्ते. शेजाऱ्याला वाटतं, नोटिशीचं पाकीट घेतलंच नाही तर बांधकाम अडेल. दोघांचाही समज चुकीचा आहे. कायदा मागतो ती नोटीस.

न्यू जर्सीत ती अर्जदारानेच द्यायची असते. आपल्या जागेपासून चहूबाजूंनी 200 फुटांतल्या मालकांची प्रमाणित यादी नगरपालिकेकडून घ्यायची आणि सुनावणीच्या किमान 10 दिवस आधी प्रत्येकाला नोटीस हाती द्यायची किंवा सर्टिफाइड मेलने पाठवायची. सुनावणी कधी, कुठे, कोणत्या जागेबद्दल, मागणी काय आणि नकाशे कुठे बघायला मिळतील, हे सगळं तिच्यात हवं. टपालात टाकली की ती बजावली गेली असं कायदा धरतो, त्यामुळे पाकीट नाकारून काहीच थांबत नाही. पण यादीतला एखादा मालक गाळला किंवा मागणी मोघम लिहिली, तर बोर्डाला अर्ज ऐकण्याचा अधिकारच राहत नाही आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. माझा आग्रह एवढाच की सह्यांसाठी दारोदार फिरण्याआधी यादी दोनदा तपासा. कॅलिफोर्नियात अंतर 300 फूट आहे, मुदत तीच 10 दिवसांची, मात्र नोटीस स्थानिक प्रशासन पाठवतं.

आता संमती. सिएटलमध्ये वृद्ध गरिबांसाठीचं जुनं घर काढून तिथे मोठं बांधायचं होतं. शहराचा नियम म्हणत होता, 400 फुटांतल्या दोन तृतीयांश मालकांची लेखी संमती आणा. 1928 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट घटनाबाह्य ठरवली. शेजाऱ्यांवर कसलीही सरकारी जबाबदारी नाही, ते स्वार्थापोटी किंवा निव्वळ लहरीनेही नकार देऊ शकतात, मग दुसऱ्याच्या जमिनीचा निर्णय त्यांच्या हाती कसा द्यायचा? मला हा युक्तिवाद आजही पटतो, विशेषतः जिथे बांधणाऱ्याकडे पैसा असतो पण राहणाऱ्यांना आवाज नसतो तिथे.

संमती सगळीकडेच बाद झाली असं मात्र नाही. 1917 मध्ये याच न्यायालयाने शिकागोच्या जाहिरात फलकांसाठी रस्त्यावरच्या बहुसंख्य मालकांची संमती लागण्याचा नियम उचलून धरला होता. तिथे फलकांना बंदी आधीच होती. संमतीने ती फक्त शिथिल होत होती.

शेजाऱ्याची सही खरोखर मोजली जाते ती जमिनीचा झोनच, म्हणजे तिथे काय बांधता येईल याचा ठरलेला वर्गच, बदलायचा असेल तेव्हा. 1926 च्या केंद्रीय नमुना कायद्यात तशी तरतूद होती: लगतच्या किंवा समोरच्या 20 टक्के जमिनीच्या मालकांनी लेखी विरोध केला, तर बदलासाठी शहराच्या सभागृहात तीन चतुर्थांश मतं लागतील. पुढे अनेक राज्यांनी ती आपापल्या परीने स्वीकारली. व्हेरियन्सचं तसं नाही. तिथे अर्धी गल्ली विरोधाच्या सह्या घेऊन आली, तरी बोर्डाने बघायचं ते पाणी कुठे वाहून जाईल, उजेड किती अडेल आणि हद्दीपासून किती जागा उरेल हेच.