बायको कोंडणारा कोण, कबर उकरणारा कोण

परवा एक मैत्रीण फोनवर म्हणाली, "अगं कॉलेजात असताना तो हीथक्लिफ मला काय आवडायचा, त्याने पहिल्या बायकोला वरच्या मजल्यावर कोंडून ठेवलेलं तरी मला त्याचं काही वाटलं नाही बघ तेव्हा." म्हटलं बाई, कोंडणारा तो रॉचेस्टर. हीथक्लिफ म्हणजे तो, ज्याने प्रेयसीची कबर उकरली. तर म्हणे, "म्हणजे ही दोन वेगळी पुस्तकं आहेत?"

आहेत, रॉचेस्टर 'जेन एअर' या इंग्रजी कादंबरीतला आणि हीथक्लिफ 'वदरिंग हाइट्स'मधला. आणि हा गोंधळ तिचा एकटीचा नाही, पुस्तकं बाहेर आली तेव्हापासून चालू आहे. 'जेन एअर' ऑक्टोबर १८४७ मध्ये आलं, 'वदरिंग हाइट्स' डिसेंबर १८४७ मध्ये. दोन्ही यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावच्या एका पाद्र्याच्या मुलींनी लिहिलेली, पहिलं शार्लट ब्रॉण्टीचं, दुसरं तिची धाकटी बहीण एमिलीचं. पण कव्हरवर नावं होती करर बेल आणि एलिस बेल, तिसरी बहीण ॲन ती ॲक्टन बेल, त्यामुळे हे सगळे बेल म्हणजे एकच कोणीतरी असणार असं लोकांना वाटायला लागलं, आणि 'जेन एअर' धडाधड खपत होतं म्हटल्यावर धाकट्या दोघींच्या प्रकाशकाला तो गैरसमज सोयीचाच होता. शेवटी जुलै १८४८ मध्ये शार्लट आणि ॲन रातोरात ट्रेन पकडून लंडनला गेल्या आणि शार्लटच्या प्रकाशकापुढे जाऊन उभ्या राहिल्या, हे बघा आम्ही वेगवेगळ्या आहोत म्हणून. एमिली गेली नाही. तिला असलं काही आवडायचंच नाही.

त्यात सिनेमावाल्यांनी भर घातली. आपल्याकडे 'संगदिल' (१९५२) हा 'जेन एअर'वरनं आणि 'दिल दिया दर्द लिया' (१९६६) 'वदरिंग हाइट्स'वरनं, आणि दोन्हीत हिरो कोण, तर दिलीपकुमार! तिकडे टिमथी डाल्टनचंही तेच, १९७० ला हीथक्लिफ आणि १९८३ ला टीव्हीवर रॉचेस्टर. सावळा, चिडका, घोड्यावर बसलेला, मागे वारा आणि ओसाड मूर (मूर म्हणजे झाडं नसलेलं उघडं माळरान, आपल्या कोकणातला सडा डोळ्यापुढे आणा, फक्त थंडीने काकडलेला), असा एकच फोटो डोक्यात बसला की मग त्याखाली कुठलंही नाव लिहा.

या पावसाळ्यात मी दोन्ही पाठोपाठ परत वाचली, आणि आता वाटतं की यांना एका रांगेत उभं करणंच चूक आहे, कारण भांडण दोन हिरोंचं नाहीच मुळी, प्रेम म्हणजे काय यावर त्या दोघी बहिणींचंच एकमत नाहीये. हीथक्लिफची प्रेयसी कॅथरिन म्हणते की मीच हीथक्लिफ आहे, दोघांचा आत्मा एकच. जेन बरोबर उलटं म्हणते, की मी गरीब असेन, दिसायला साधी असेन, पण मी वेगळी आहे आणि तुझ्या बरोबरीची आहे. सतराव्या वर्षी मला ही दोन्ही वाक्यं सारखीच रोमँटिक वाटली होती, आता पहिलं वाचून जरा भीती वाटते.

रॉचेस्टर आधी. जमीनदार घराण्यातला, चाळिशीकडे झुकलेला, आणि जेन अठरा वर्षांची, त्याच्याच घरात मास्तरीण. माणूस खोटारडा आहे हे स्पष्ट सांगते. जिप्सी बाईचं सोंग घेऊन घरातल्या मुलींचं भविष्य काय सांगतो, जेनला जळवायला दुसरीशी लग्न ठरल्याचं नाटक काय करतो, आणि बर्था, तीस हजार पौंड हुंडा घेऊन जमैकाहून आणलेली बायको, वर कोंडलेली असताना चर्चमध्ये उभा काय राहतो. पण पहिल्या वाचनात एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. लग्न ठरल्यावर तो जेनला रेशमी कपडे, दागिने घ्यायला लागतो आणि तिचा जीव गुदमरतो, म्हणून ती मदिरा बेटावरच्या काकाला पत्र टाकते, की आपल्या हातात थोडे स्वतःचे पैसे असावेत. त्याच पत्रातनं लग्नाची बातमी काकाकडे बसलेल्या बर्थाच्या भावाला कळते आणि लग्न भर चर्चमध्ये मोडतं! म्हणजे पैशांसाठी टाकलेल्या त्या एका पत्राने तिला वाचवलं, हिरोने नव्हे. मग तो म्हणतो चल, फ्रान्सला दक्षिणेत बंगला आहे, तिथे राहू, आणि ही पहाटे उठून चालायला लागते, खिशात वीस शिलिंग, पुढे डुकरासाठी टाकायला निघालेली गार लापशी खायची वेळ येते पण परत फिरत नाही. नंतर काकाचे वीस हजार पौंड मिळतात तेही तीन आतेभावंडांसह चौघांत वाटून पाच हजार स्वतःला ठेवते. आणि त्यांतलाच तो सेंट जॉन, सज्जन, देखणा, मिशनरी होऊन हिंदुस्थानात निघालेला, तो तिला हिंदुस्थानी भाषा शिकायला बसवतो आणि लग्नाचं विचारतो, त्यालाही सांगते की कामाला येईन, बायको म्हणून येणार नाही. तिच्या तोंडचा 'नाही' हाच खरा कथानक पुढे नेतो. रॉचेस्टर शेवटी तिच्या लायकीचा होतो तो तोपर्यंत घर जळलेलं, एक हात गेलेला, डोळे गेलेले, आणि ती आपल्या पैशांनिशी आपण होऊन आलेली.

हीथक्लिफला असा 'नाही' कोणी म्हणतच नाही, किंवा म्हटलेलं तो अर्धंच ऐकतो. त्याला लहानपणी म्हातारा अर्नशॉ लिव्हरपूलच्या रस्त्यावरनं उचलून आणतो. कुठला, कोणाचा, पत्ता नाही. शेजारचे लिंटन त्याला बघून म्हणतात की लस्कर असेल, म्हणजे त्यांच्या जहाजांवरचा आपल्याकडचा खलाशी, हे वाचून मी पुस्तक खाली ठेवून जरा वेळ बसले होते. मग कॅथरिनचा भाऊ त्याचं शिक्षण तोडून त्याला गडी करतो, कॅथरिन घरातल्या मोलकरणीला, नेली डीनला सांगते की आता याच्याशी लग्न म्हणजे माझी पायरी उतरणं, तो दाराआड एवढंच ऐकून निघून जातो, आणि 'मीच हीथक्लिफ' हे वाक्य येतं तेव्हा हा ऐकायला तिथे नाहीच. तीन वर्षांनी पैसेवाला होऊन येतो तोवर कॅथरिनने शेजारच्या श्रीमंत एडगर लिंटनशी लग्न केलेलं, पैसे कुठनं आले कोणाला कळत नाही. इथपर्यंत मी त्याच्या बाजूने. पुढचं मात्र कॉलेजात मी कसं काय विसरले देव जाणे. सूडापायी एडगरच्या बहिणीशी, इझाबेलाशी लग्न करतो, तिला पळवून नेताना तिचं कुत्रं टांगतो, नंतर कॅथरिनच्या मुलीला डांबून आपल्या मरायला टेकलेल्या मुलाशी तिचं लग्न लावतो, सगळं इस्टेटीसाठी. आणि गंमत म्हणजे इझाबेलाची तो स्वतःच टिंगल करतो, की ही बया मला रोमान्सचा हिरो समजून आली. एमिलीने आपल्यासारख्या फॅन मंडळींना पुस्तकातच उत्तर देऊन ठेवलंय. एमिली गेल्यावर १८५० च्या आवृत्तीला शार्लटने प्रस्तावना लिहिली त्यात तिलाही प्रश्न पडलाय की हीथक्लिफसारखा प्राणी निर्माण करावा का. थोरल्या बहिणीचा स्वभाव, दुसरं काय.

कॅथरिनला मी आता पूर्वीइतकी नावं ठेवत नाही. ती अठराव्या वर्षी बाळंतपणात मरते, पुस्तक अर्धंही झालेलं नसतं. एडगरच्या पैशाने हीथक्लिफला वर काढीन असा तिचा बावळट प्लॅन होता. जेनही अठराचीच, पण कमवायची सवय असलेली.

हिरो विचाराल तर माझं मत दोघांपैकी कोणालाच नाही. माझा हिरो हेअरटन, कॅथरिनच्या त्या भावाचा मुलगा. १९३९ च्या गाजलेल्या सिनेमात ही दुसरी पिढी कापूनच टाकली म्हणून तो कोणाच्या लक्षात राहत नाही. हीथक्लिफ आपल्यावर झालेलं सगळं या पोरावर उगवतो, त्याला अडाणी ठेवतो, इतका की घराच्या दारावर दगडात 'हेअरटन अर्नशॉ' हे त्याचंच नाव कोरलंय, १५०० सालचं, ते त्याला वाचता येत नाही. नंतर कॅथरिनची मुलगी, धाकटी कॅथी, त्याला शिकवते, लक्ष उडालं की गालावर चापट, धडा नीट झाला की पापी. आणि त्याच्या आयुष्याची माती करणारा हीथक्लिफ मरतो तेव्हा रात्रभर प्रेताशेजारी बसून रडणारा हा एकटाच.

हे सगळं ऐकून मैत्रिणीने 'वदरिंग हाइट्स' काढलंय परत. काल मेसेज आला, "हा लॉकवूड कोण, आणि त्या खिडकीवर कॅथरिन अर्नशॉ, कॅथरिन हीथक्लिफ, कॅथरिन लिंटन अशी तीन नावं कोरलीत, या तिघी कोण?"

मी लिहिलं, दोघीच आहेत, वाच पुढे.